मधले पीस

तर झालं असं, की दसऱ्याला हिंगोलीला घरी गेलो होतो. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा ही काय चीज आहे ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगून कळायचं नाही. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, पाळणे लागतात, आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात आणि गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. मी मात्र भर दुपारी लॅपटॉप उघडून गेम खेळत बसलो होतो. आई म्हणाली, "तिकडंबी हेच, इकडंबी हेच." बरोबरच होतं तिचं.

गेमचं नाव 'जेनेसिस नॉयर'. मार्च २०२१ मध्ये आला तेव्हापासून माझ्या यादीत पडून होता. आपल्या सगळ्यांची अशी एक यादी असते, सेलमध्ये घेतलेल्या आणि कधीच न उघडलेल्या गेम्सची. न्यूयॉर्कच्या 'फेरल कॅट डेन' नावाच्या छोट्या टीमने तो बनवला आहे. जवळजवळ सगळा काळा-पांढरा, मधूनच सोनेरी. नायक रस्त्यावर घड्याळं विकणारा एक फाटका माणूस. त्याचं ज्या गायिकेवर प्रेम आहे तिचं नाव मिस मास, आणि तिच्याच बँडमधला सॅक्सोफोनवाला गोल्डन बॉय मत्सरापायी तिच्यावर गोळी झाडतो. ती गोळी म्हणजेच बिग बँग! बंदुकीतून निघालेला जाळ म्हणजे आपलं हे विश्व. नायक त्या गोठलेल्या स्फोटात शिरतो आणि तारे, पेशी, आदिमानव, शास्त्रज्ञ असं सगळं ओलांडत तिला वाचवायचा मार्ग शोधतो.

कल्पना विचित्र वाटली तर दोष इटालो कॅल्व्हिनोला द्या. त्याच्या 'कॉस्मिकॉमिक्स' (१९६५) या पुस्तकावरून ही मंडळी पेटली. त्यातल्या एका कथेत अख्खं विश्व एका बिंदूत कोंबलेलं असतं, सगळे शेजारी एकमेकांच्या अंगावर. त्यातली एक बाई म्हणते, जरा जागा असती तर तुम्हा सगळ्यांना शेवया करून घातल्या असत्या. बस्स, त्या मायेतून अवकाश तयार होतं. आमच्या आजीलाही अंगणात जागा कमी पडायची शेवयांना, पण तिने विश्व काही निर्माण केलं नाही. :)

असो. गेमबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो. कोडी म्हणावीत तशी अवघड नाहीत, कुठे टिचकी मारायची ते शोधणं हेच बऱ्याचदा कोडं. मध्ये मध्ये तर आपण खेळतोय की कोणी खेळताना बघतोय ते कळत नाही. माझा आठवीतला भाचा पाच मिनिटं बघून म्हणाला, "मामा, यात मारायचं कोणाला?" मेलेली आधीच मेली आहे, तिला वाचवायचंय, असं सांगितल्यावर तो पाळण्यात बसायला निघून गेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) त्याला आवडला होता. त्यातही चित्रकला आहे, कोडी आहेत, पण राक्षसही आहेत. 'जेनेसिस नॉयर' त्याच्यासाठी नाही. ज्याला एखाद्या गाण्यात दहा मिनिटं नुसतं बसता येतं त्याच्यासाठी आहे.

कारण या गेमचा खरा नायक आहे त्याचं संगीत. ते केलंय 'स्किलबार्ड' या इंग्लंडच्या जोडीने. आपण माऊस फिरवला की त्यातून सूर निघतात, गोष्टी ठेक्यात हलतात. एका ठिकाणी रस्त्याच्या कोपऱ्यावर एक वादक भलंमोठं तंतुवाद्य उभं धरून वाजवत असतो. तो एक छोटा तुकडा वाजवतो, आपण पडद्यावर टिचक्या मारून त्याला उत्तर द्यायचं. मग तो पुढचा देतो. मी इथे अडकलो होतो. इंजिनियर माणूस, डोळ्यांनी क्रम पाठ करत होतो, आणि तीन स्वरांनंतर गडबडत होतो.

तेवढ्यात मास्तर आले.

आमच्या गल्लीत एक बँडमास्तर राहतात. वय सत्तरीच्या पुढे. एकेकाळी स्वतःचा बँड होता, आता गणपतीला आणि एखाद्या जुन्या घरोब्याच्या लग्नाला क्लॅरिनेट बाहेर निघते. दसऱ्याचं सोनं द्यायला आले होते. खिडकीतून आवाज ऐकून थेट माझ्या खोलीत. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "बघायलास कशाला? ऐक की." मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. माऊस धरायला शिकायला दोन मिनिटं गेली, पण पुढचे सगळे तुकडे त्यांनी पहिल्या फटक्यात परतवले. एकही चूक नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे तं सवाल-जवाब झाले. तमाशातले."

आणि खरंच आहे ते. जॅझमध्ये मुखडा सगळे मिळून वाजवतात, मग एकेकजण आपल्या मनाने विस्तार करतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि शेवटी सगळे मुखड्यावर परततात. समेवर येण्याची गंमत माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक मुंबईला आला होता तेव्हा तो आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान असेच एकत्र बसून वाजवले होते. इकडे कीर्तनात बुवा आणि टाळकरी तेच करतात. आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव, त्यामुळे सूर झेलून परत देणं इथे लहानपणीच अंगवळणी पडतं.

पण खरी गंमत पुढे झाली. मास्तर म्हणाले, "असलं लई वाजवलंय आपण." आणि तोंडाने ट्रंपेटचा आवाज काढत त्यांनी एक तुकडा म्हणून दाखवला. मला ओळखीचा वाटला, पण गाणं काही सापडेना. त्यांनी सांगितलं, "'अलबेला'. भगवानदादा." तरी मला कळेना, कारण ते गाण्याची चाल म्हणतच नव्हते! ते दोन कडव्यांच्या मधलं संगीत म्हणत होते. "चाल कोणीबी वाजवतंय. मदले पीस वाजवले तं बँड," मास्तर म्हणाले. आणि मग विचारलं, "हे पीस वाजवणारा कोण होता रे? तुमच्या त्या नेटवर असंल की."

हा प्रश्न घेऊन मी पुण्याला परतलो, आणि गेले तीन वीकांत त्यातच गेले. वाचलेलं बरंचसं नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' मधलं आणि ग्रेगरी बूथ यांच्या दोन पुस्तकांतलं आहे. बूथ हा माणूस भन्नाट आहे. त्याने एक अख्खं पुस्तक भारतातल्या लग्नाच्या बँडांवर लिहिलंय आणि दुसरं मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांवर. म्हणजे आमच्या मास्तरांचा प्रश्न ज्या दोन टोकांमध्ये लोंबकळतोय ती दोन्ही टोकं.

सुरुवात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलपासून करू. १९३५ साली तिथे लिऑन ॲबी नावाचा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. (वेदरफर्ड पुढे १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. शिकागोचा नावाजलेला पियानोवादक!) ऐकणारे होते गोरे साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत पारशी. गिरगावातला किंवा लालबागचा मराठी माणूस त्या दारातून आत जाणं शक्यच नव्हतं. पण त्यांच्या शेजारी बसून वाजवायला माणसं लागत होती, आणि ती आली गोव्यातून.

गोव्यातूनच का? कारण पोर्तुगीजांच्या काळात तिथे गावोगाव चर्चच्या शाळा होत्या आणि तिथे पोरांना स्टाफ नोटेशन शिकवलं जाई. व्हायोलिन हातात घ्यायच्या आधी कागदावरचे सूर वाचता आले पाहिजेत, असा खाक्या. मग ही पोरं मुंबईला येऊन धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये राहायची आणि काम शोधायची. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ (जन्म १९१६) त्यातलाच एक. वाजवायचा ट्रंपेट, दैवत लुई आर्मस्ट्राँग. त्याने नाव घेतलं चिक चॉकलेट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड हीही त्याच वाटेने आलेली माणसं. आणि रूडी कॉटन नावाचा जो फर्मास सॅक्सोफोनवाला होता तो प्रत्यक्षात कावस खटाव नावाचा पारशी. नाव बदललं की भाव वाढतो हे तेव्हाही होतंच. आपल्याकडच्या कॉल सेंटरमधले सॅम आणि मॅक्स काही नवीन नाहीत.

मग स्वातंत्र्य आलं. साहेब गेले, संस्थानं विलीन झाली आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. पेला नाही तर नाच नाही, नाच नाही तर बँड नाही. या वादकांच्या पोटावर पाय आला. त्याच सुमारास हिंदी सिनेमाची गाणी मोठी होत चालली होती, दहा वाद्यांच्या जागी चाळीस-पन्नास वाद्यं येत होती. संगीतकार चाल बांधणार हार्मोनियमवर, पण पन्नास जणांनी कधी काय वाजवायचं हे कागदावर उतरवणार कोण? आणि तो कागद बघून त्याच दिवशी वाजवणार कोण? गोवेकरच. म्हणजे रिक्वायरमेंट एकाची, डिझाइन आणि कोड दुसऱ्याचा, आणि डेमोला स्टेजवर पहिला. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आता 'अलबेला'. साल १९५१. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, म्हणजे भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. त्याआधी मारामारीचे स्वस्त सिनेमे काढणारा माणूस. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आणि त्यांच्या सोबतीला चिक चॉकलेट. दोन मराठी माणसं आणि एक गोवेकर. ताजच्या दारात ज्या संगीताला अडवलं होतं ते या तिघांनी आणि त्यांच्या मागे बसलेल्या वादकांनी मिळून थेट पिटातल्या पब्लिकपर्यंत पोचवलं. भगवानदादांचा नाच तर असा, की कोणालाही येतो. गणपतीच्या मिरवणुकीत हात अर्धे वर करून, मान हलवत, जागच्या जागी पाय टाकणारे जे काका असतात, ते नकळत भगवानदादांचेच शिष्य.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हे शुद्ध जॅझ नव्हे. त्यात स्विंग आहे, लॅटिन अमेरिकेचा रुंबा आहे, आणि मुळात आपली सोपी गोड चाल आहे. उसनवारीही आहे. त्याच सी. रामचंद्रांच्या 'समाधी' (१९५०) मधलं गाजलेलं 'गोरे गोरे' हे कारमेन मिरांडाने एका अमेरिकन सिनेमात गायलेल्या गाण्यावरून घेतलेलं. जॅझचे कट्टर लोक या सगळ्याला नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. न्यू ऑर्लिन्समध्ये तरी जॅझ कुठे शुद्ध होता? तो निघाला रस्त्यावरच्या पितळी बँडांतून. अंत्ययात्रेत जाताना संथ वाजवणारे आणि माणूस पुरून परतताना नाचायला लावणारे बँड. आणि तसले पितळी बँड जगभर लष्करामुळे पसरले.

इथे हिंगोली परत येते. आमचं गाव म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची छावणी. निजामाच्या पैशाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेली ही फौज १९०३ मध्ये भारतीय लष्करात मिसळली, तोवर हिंगोली हे तिचं एक ठाणं होतं. आपल्याकडचे लग्नाचे बँड हे अशाच लष्करी बँडांचे वंशज. खांद्यावर झालर, डोक्याला तुऱ्याची टोपी, छातीवर बिल्ले, हा सगळा थाट तिथलाच. म्हणजे क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम ही वाद्यं फौजेबरोबर एकीकडे न्यू ऑर्लिन्सला पोचली आणि दुसरीकडे मराठवाड्यातल्या परण्याच्या पुढे मारुतीच्या देवळापर्यंत. तिकडच्यांनी त्यातून जॅझ काढला. इकडच्यांनी वाट बघितली आणि १९५१ नंतर तोच जॅझ सिनेमाच्या गाण्यांतून त्यांच्याकडे चालत आला.

चालत म्हणजे हवेतून. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी हैदराबाद राज्यात. (हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला.) १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय संगीताचं भलं करायचा त्यांचा हेतू होता, आणि त्यातून काही कलावंतांचं भलं झालंही. पण पब्लिकने काटा फिरवला तो थेट रेडिओ सिलोनवर. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सरकारला शहाणपण येऊन विविध भारती निघायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला. मास्तरांचे वडीलही बँडमध्ये होते. ते म्हणे रेडिओ असलेल्या एका वाण्याच्या ओट्यावर रात्री बसायचे, चाल एकदा ऐकून पाठ आणि मधले पीस पुढच्या आठवड्यात. गाणं परत लागेल तेव्हा. रिवाइंड बटण नव्हतं. पोरगा मांडीवर. मास्तरांनी तो तुकडा शिकला तो वडिलांच्या क्लॅरिनेटवरून, रेकॉर्डवरून नव्हे.

आता नावाचं सांगतो. १९४९ मध्ये 'महल' आला तेव्हा त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणारी होती लता मंगेशकर. लताबाईंचीच ही कथा, तर मागे ट्रंपेट फुंकणाऱ्याला कोण विचारतो? लताबाई पुढे भांडल्या आणि गायकांची नावं आली. संगीतकारांची होतीच. ज्याने पन्नास वाद्यांचे कागद लिहिले तो श्रेयनामावलीत आला तर 'सहाय्यक' म्हणून. वादक तर रोजंदारीवर, रेकॉर्डिंग झालं की पाकीट घेऊन पुढच्या स्टुडिओत. आज आपण एखाद्या फाइलवर 'गिट ब्लेम' मारतो आणि अकरा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाचं नाव प्रत्येक ओळीपुढे दिसतं. इथे ती सोयच नाही. कुठल्या पिसात कोणाचा श्वास आहे हे त्या खोलीत बसलेल्यांनाच माहीत, आणि ती खोली आता रिकामी झाली आहे.

एकाच वादकाचं नाव घराघरात पोचलं, ते अँथनी गोन्साल्विस यांचं. पण कसं? प्यारेलाल लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांनी गुरूचं नाव एका गाण्यात घातलं, आणि अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ते गायला. खरा अँथनी गोन्साल्विस कोण, हे मला तिशीत कळलं. त्यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारित सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. २०१२ मध्ये ते गोव्यात वारले.

चिकचं जरा बरं झालं. तो 'अलबेला'त चक्क पडद्यावर आहे. 'दीवाना परवाना' या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला एक बँड दिसतो, तो त्याचाच. तो १९६७ मध्ये गेला, अवघ्या पन्नाशीत. (भगवानदादांचंही पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत असेल. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या आणि माणूस दादरच्या चाळीत परतला. तिथेच २००२ मध्ये वारला.)

दिवाळीला परत हिंगोलीला गेलो. मास्तरांना बोलावून मोठ्या टीव्हीवर ते गाणं लावलं. नाव सांगितलं तर म्हणाले, "चॉकलेट? हे काय नाव झालं?" मग गप्प होऊन बघत राहिले. एकदा, दोनदा, तीनदा लावायला लावलं. नाचणाऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी म्हटलं, मास्तर, त्या पिसात ट्रंपेट याचीच होती असं छातीठोक सांगता येत नाही, रेकॉर्डवर लिहिलेलं नाही. "लिहिलेलं नसंना का," मास्तर म्हणाले. "ओठ बघ त्याचे. धरायची ढब बघ. हा वाजवणारा माणूस हाय." आणि वडील असेच मान तिरकी करायचे म्हणाले.

त्यानंतर आम्ही 'जेनेसिस नॉयर' पूर्ण केला. शेवट सांगत नाही, तुमचा विचका होईल. एवढंच सांगतो की शेवटी नायकाला एक निवड करायची असते, आणि भाच्याने जे बटण दाबायला सांगितलं त्याच्या बरोबर उलट मास्तरांनी सांगितलं. मग श्रेयनामावली सुरू झाली. मी नेहमीप्रमाणे 'एस्केप' दाबायला गेलो तर मास्तरांनी हात धरला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. भाच्याला म्हणाले, वाच. तो कंटाळत एकेक नाव वाचत गेला, मास्तर प्रत्येकाला विचारत, "हा काय वाजवतो?" नायकाचं नाव गेममध्ये 'नो मॅन' आहे, तेही त्याने वाचून दाखवलं. "म्हंजे?" "म्हंजे कोणीच नाही." मास्तर हसले.

निघताना मी विचारलं, मास्तर, हे सगळं लिहिणार आहे, तुमचं नाव टाकू का? दारात चपला घालत म्हणाले, "नाव नको टाकू बाबा. मागच्या वर्षी दोन सुपाऱ्यांची इसार घेऊन तब्येतीपायी गेलो नाही. ते वाचतील."

मग भाच्याने त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं. ट्रंपेटमधून आवाज कसा काढायचा ते त्याला शिकायचंय. अजून नुसती हवाच निघते.